लवंगेच्या वासावर आलेले भुंगे

आता जे सांगणार आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः तिथे होतो, तरी पहिली दोन वर्षं मलासुद्धा ते खरं वाटत नव्हतं. तिसऱ्या वर्षी सवय झाली.

विषय निघाला जासिरामुळे. ही एर्सीलियाच्या नातवाची नवी बायको, खालच्या नदीकडची, हाताने चपळ आणि तोंडानेही. दुपारी वारा सुटला होता, आणि वारा सुटला की कास्तान्याच्या झाडाखाली आमच्याकडे कुणी जात नाही. शंभर हातांवरून नारळाएवढं, पण नारळापेक्षा टणक फळ डोक्यात बसलं तर पाद्रीला बोलावण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून सकाळी गोळा केलेला ढीग मध्ये घेऊन आम्ही चौघं ताडपानांच्या छपराखाली बसलो होतो आणि कोयत्याने एकेक फळ फोडून आतल्या बिया करंडीत टाकत होतो. चौथा म्हणजे जासिराचा नवरा ओलाव्हू. त्याला जमेस धरायचं कारण नाही, तो बसल्या बसल्या झोपतो.

जासिराने हातातलं फळ फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आजी, ही सगळी कुरणातल्या त्या एकट्या झाडाची? आमच्याकडे कुरणात एकटं उरलेलं झाड फुलतं, पण फळत नाही कधी."

शहाणी मुलगी. प्रश्न एर्सीलियाला होता, उत्तर मी दिलं. एर्सीलिया कुठलंही उत्तर दोन वाक्यांत संपवते, आणि वारा तर संध्याकाळपर्यंत पडणार नव्हता.

सुरुवात मी आमच्या नात्यापासून केली. एर्सीलिया माझी कोमाद्रे. तिच्या मुलीच्या डोक्यावर पाद्रीने पाणी शिंपडलं तेव्हा मूल माझ्या हातांत होतं. तेव्हापासून मी तिचा कोंपाद्रे आणि ती माझी कोमाद्रे, आणि या नात्यात एकमेकांना अहोजाहो करायचं असतं, भांडतानासुद्धा. त्यामुळे आमची भांडणं फार सभ्य होतात आणि फार लांबतात.

या बाईने मला एकदा पाठीवर वाहून नेलं आहे. मी चाळिशीत होतो आणि आतासारखा वाळका नव्हतो. वारा थांबला असं मला वाटलं होतं, झाडाला वाटलं नव्हतं. फळ खांद्यावर आलं. डोक्यावर आलं असतं तर ही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती, आणि वाईट सांगितली असती. एर्सीलिया शेजारच्या वाटेवर वेचत होती. तिने तिच्या करंडीतला सगळा माल जमिनीवर ओतला, त्या करंडीत मला बसवलं, सालीचा पट्टा कपाळाला लावला आणि चालू लागली. माझे पाय बाहेर लोंबत होते. नदी तिथून तीन कोस.

"दोन," एर्सीलिया म्हणाली. तिने मान वर केली नाही.

दोन तर दोन. वाटेत ती दोनदाच थांबली, एकदा ओढ्यावर पाणी प्यायला आणि एकदा मला गप्प बसा म्हणून सांगायला. हाड जुळल्यावर मी आभार मानायला तिच्या घरी गेलो, सोबत सुकवलेला मासा घेऊन. तिने मासा घेतला आणि म्हणाली, तुमच्यापेक्षा ओली फळं जड असतात. झालं, आभार संपले. पुन्हा विषय काढला की ती कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची. तिच्या कोंबड्या त्या वर्षात फार लठ्ठ झाल्या.

आता झाडाकडे येतो. एर्सीलियाचा नवरा गेला तेव्हा तिच्याकडे तीस झाडांची वाट होती. आमच्यात जमीन कुणी मोजत नाही, झाडांची वाट मोजतात: या झाडापासून त्या झाडापर्यंत जंगलातून फिरत जाणारी पायवाट. एकाच्या झाडाखालचं फळ दुसरा उचलत नाही. मालक आजारी असो, परगावी असो, फळ तिथेच कुजेल पण कुणी हात लावणार नाही. तिच्या तीस झाडांत एक सगळ्यांत मोठं, चार माणसांनी हात पसरले तरी कवेत न येणारं. त्याला आम्ही थोरली म्हणतो.

मग एका वर्षी आग आली. पलीकडच्या गुरांच्या मालकाने ऑगस्टमध्ये कुरणासाठी जंगल पेटवलं आणि वारा फिरला. तीन दिवसांत एर्सीलियाच्या वाटेतली एकोणतीस झाडं गेली. थोरली राहिली, एका बाजूच्या सालीचा कोळसा झाला तरी राहिली. पावसानंतर राखेतून गवत उठलं, गवतामागून पांढरी वशिंडवाली गुरं आली, आणि मधोमध ही एकटी उभी. तिला कुणी तोडलं नाही. तोडायची बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आमच्यातला माणूस त्या झाडाला कुऱ्हाड लावणार नाही.

पण नुसतं उभं राहून झाडाचं भागत नाही. थोरली दर नोव्हेंबरात फुलायची. पहाटे खाली पिवळट पाकळ्यांचा सडा पडायचा, आणि फळ एक नाही. तीन हंगाम असे गेले.

"भुंगे," जासिरा म्हणाली.

भुंगे, बरोबर. हे ज्याने कास्तान्याचं फूल हातात घेतलं नसेल त्याला सांगावं लागतं. त्या फुलाला झाकण असतं, चांगलं घट्ट. पोळ्यातल्या साध्या माशीच्या अंगात ते उचलण्याचा जोर नाही. त्याला अंगापिंडाने भरलेली रानभुंगी लागते, जी खांद्याने झाकण सारून आत घुसेल. आणि या भुंग्या सावलीतल्या. उन्हाने तापलेलं अर्ध्या कोसाचं गवत ओलांडून एका झाडासाठी कशाला येतील? शिवाय त्यांच्या नरांचं वेगळंच असतं. ते आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुलांवर जाऊन मध पीत नाहीत, वास गोळा करतात. मागच्या पायांत अत्तर भरून घेतात, तेव्हा कुठे माद्या त्यांच्याकडे बघतात. शनिवारच्या नाचाआधी आमची पोरं काय करतात तेच. आमऱ्या वाढायच्या जळालेल्या झाडांच्या फांद्यांवर. झाडं गेली, आमऱ्या गेल्या, अत्तर गेलं, भुंगे दुसऱ्या गावच्या नाचाला गेले.

तिसऱ्या हंगामानंतर एर्सीलियाने सांगितलं की आता ती जाणार. मुलीने शहरात खोली तयार ठेवली होती, पंख्यासकट. तिच्याकडे कसावा होता, केळी होती, ओढ्यात मासे होते. उपासमारीचा प्रश्न नव्हता. मी विचारलं, मग का? तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं आणि म्हणाली, "कोंपाद्रे, चाळीस वर्षं थोरलीने मला वाढलं. आता वाढत नाही. ज्या घरात आपल्यासाठी ताट मांडत नाहीत तिथे मी बसून राहत नाही."

मी माझ्या वाटेतली अर्धी झाडं देऊ केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी घराबाहेर आल्यावरच श्वास घेतला. जानेवारीत तीन राजांचा सण असतो. त्या दिवसापर्यंत थोरलीखाली एखादं फळ पडलं तर ती राहणार, नाही तर सणानंतरच्या पहिल्या होडीने जाणार, असं तिने ठरवलं. आणि एर्सीलियाने ठरवलं की ते ठरलं. नदी एक वेळ वळण बदलेल.

आता विचार करा. गावात घरं पाच. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही, एक नव्या कडक पंथातला, तो नाच-गाण्याला आणि गोष्टींना शिवत नाही. उरली एर्सीलिया. ती गेली तर मी बोलणार कुणाशी, आणि मुख्य म्हणजे मला खोटं कोण पाडणार? रोज उठून गोष्ट सांगायची आणि समोरच्याने मान डोलवायची, हे जगणं नव्हे. मला ती हवी होती. तिने मला नदीपर्यंत नेलं होतं त्या दिवसापासून माझी प्रत्येक सकाळ ही फुकटात मिळालेली होती, आणि त्यातली बरीचशी मी तिच्याच ओट्यावर तिचीच कॉफी पिऊन घालवली होती.

आणि इथे माझी दाढ दुखायला लागली.

हसू नकोस, जासिरा. नोव्हेंबर होता, थोरली फुलली होती, आणि माझी डावीकडची शेवटची दाढ अशी ठणकत होती की मी डोकं खांबावर आपटून बघितलं, दोन दुखणी एकमेकांना खातात का म्हणून. नाही खात. होडीवाल्या व्यापाऱ्याकडून लवंगेच्या तेलाची बाटली घेतली, दाढेवर चार थेंब टाकले आणि थोडं गालाला चोळलं. मग बसवेना म्हणून जंगलात चालायला गेलो.

पहिला भुंगा माझ्या ओठावर बसला. हिरवा, काचेसारखा चमकणारा. त्याने पुढच्या पायांनी माझ्या मिशा नीट विंचरल्या आणि मागच्या पायांत काहीतरी भरलं. मग दुसरा. मग गालावर सात-आठ. घरी पोचेपर्यंत माझं अर्धं तोंड हिरवं होतं. त्यांना लवंग हवी होती. ज्या अत्तरासाठी ते रानोमाळ हिंडत होते, ते माझ्या दाढेत होतं.

इथवर खरं आहे, कुणालाही विचारा. लवंगेच्या तेलावर तो हिरवा नर येतोच. तुझ्या नवऱ्याला उठव, तोही सांगेल.

जासिराने ओलाव्हूला कोपराने ढोसलं. तो हो म्हणाला आणि पुन्हा झोपला.

मग मला सुचलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच उरलेल्या तेलात मी एक चिंधी भिजवून घेतली, बाकीचं अंगाला चोळलं, टोपीलाही, आणि जंगलाच्या कडेला उभा राहिलो. भुंगे यायला लागले. शंभर, पाचशे. हिरवे, निळे, तांबूस, काळे. मी कुरणात पाऊल टाकलं तसे तेही निघाले, माझ्या मागून, लग्नाची वरात निघावी तसे. त्यांची सावली एवढी पडली की गुरांना वाटलं संध्याकाळ झाली, आणि सगळा कळप शांतपणे गोठ्याकडे चालू लागला. गुराखी पोटतिडकीने ओरडत होता. गुरं ऐकेनात, त्यांना तिन्हीसांजा कळतात.

थोरलीखाली पोचल्यावर ती चिंधी बाणाला बांधून वर शेंड्यात मारली. माझा नेम कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगतो की नवव्या बाणाला लागली. नर वर गेले. आणि नर एवढे सजून-धजून एका जागी जमलेत म्हटल्यावर माद्या थांबतात होय? दुपारपर्यंत जंगलातून अशा धिप्पाड भुंग्या आल्या की एकेकीच्या उडण्याने माझी टोपी हलत होती. वर झाकणं उघडण्याचा आवाज येत होता. टप, टप, टप. खाली उभ्या माणसाला ऐकू येईल असा.

एर्सीलियाने एक फळ फोडलं. बिया काढल्या. कोयता करंडीच्या काठावर दोनदा आपटला. ती असं करते तेव्हा मला जरा भीती वाटते, पण गोष्ट इतकी पुढे आली होती की मागे वळायला जागा नव्हती.

मग डिसेंबर गेला. तीन राजांच्या सणाच्या सकाळी मी सहज थोरलीकडे गेलो. सहजच. धुकं होतं. आणि बघतो तर फळंच फळं. खोडाभोवती सगळीकडे, कवचं तपकिरी, ताजी. मी धावत एर्सीलियाकडे गेलो. तिची बोचकी बांधून झाली होती, हॅमॉक गुंडाळलेला होता, भांडी कसाव्याच्या पोत्यात घातली होती. कोंबड्या तिने आधीच मला देऊन टाकल्या होत्या. मी म्हणालो, कोमाद्रे, चला. ती म्हणाली, होडी येईल. मी म्हणालो, होडी थांबेल, चला.

ती आली. झाडाखाली उभी राहिली. वाकून एक फळ उचललं, उलटंसुलटं केलं, जिथून उचललं त्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या सदऱ्याच्या खांद्यांकडे, जिथे करंडीच्या पट्ट्या घासून कापड विरलं होतं. मग खोडाला हात लावला, जळालेल्या बाजूला, आणि म्हणाली, "करंडी आणा."

होडी आली तेव्हा तिच्याऐवजी बियांचं एक पोतं शहरात गेलं, आणि मुलीला निरोप, की पंखा दुसऱ्या कुणाला दे. कोंबड्या मला परत द्याव्या लागल्या. दोन कमी भरल्या, त्यावर आम्ही आठवडाभर सभ्यपणे भांडलो.

त्या हंगामात माझ्या स्वतःच्या झाडांनी मात्र फार कमी दिलं. निसर्गाचं असंच असतं. आणि महिनाभर माझी कंबर का धरली होती असं कुणी विचारलं तर हवा दमट होती.

पुढचं सगळं एर्सीलियाने केलं, आणि ते खोटं सांगायची गरज नाही. थोरलीपासून जंगलाच्या कडेपर्यंत जो गवताचा पट्टा तिच्या जुन्या वाटेत येत होता, तो तिने हाताने उपटला. कसावा लावला, केळी लावल्या, मग तसंच सोडून दिलं. झुडपं आली, पोकळ खोडाची ती भराभर वाढणारी झाडं आली, मुंग्यांसकट. सावली झाली तसा कुचिया आला, सशाएवढा, बिनशेपटीचा. जंगलात या फळाला भोक पाडायचे दात त्याच्याच तोंडात आहेत. तो चार बिया खातो, दहा पुरून ठेवतो आणि सहा विसरतो. त्या विसरलेल्यांतून आता माझ्या कमरेएवढी रोपं उभी आहेत. एर्सीलिया सकाळी तिकडून जाताना त्यांना पाय लागू नये म्हणून झग्याचा घोळ सावरते. एका वाळक्या फांदीवर आमरी दिसली त्या दिवशी तिने मला बोलावून कॉफीत साखर घातली होती, न मागता. आणि मग भुंग्या स्वतःच्या पायांनी, म्हणजे पंखांनी, आल्या. मधल्या चार-पाच वर्षांत फळं कधी बरी पडली, कधी कमी. माझंही वय होत होतं. पण आज समोर पडलेला हा ढीग थोरलीचाच आहे, एकेक फळ.

तेव्हा जासिरा, रात्री झोपण्याआधी हात जोडशील तर देवाबरोबर त्या भुंगीलाही जोड, तिच्या खांद्यात जोर आहे म्हणून आपली चूल पेटते. त्या विसरभोळ्या कुचियालाही जोड. थोरलीला तर रोज. आणि थोडं माझ्या दाढेलाही, कारण नोव्हेंबरात ती दुखली नसती तर त्या जानेवारीत एक फळ पडलं नसतं.

एर्सीलियाने कोयता खाली ठेवला. हात झग्याला पुसले.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "फूल उघडल्यापासून फळ पडेपर्यंत सव्वा वर्ष लागतं. ही पोर मघापासून बोटांवर महिने मोजतेय, तुमची लाज राखायला गप्प आहे. तुमचे भुंगे नोव्हेंबरात आले आणि फळं जानेवारीत पडली?"

मी म्हणालो, तेल फार कडक होतं.

"शंभर हातांवरून पडलेलं फळ चिखलात अर्धं रुतून बसतं. तुमची सगळी चिखलावर मांडून ठेवलेली होती, खुडुक कोंबडीखाली अंडी मांडावीत तशी. एकही रुतलेलं नव्हतं. मी त्याच सकाळी ओळखलं. म्हटलं, जो माणूस एवढं मोठं खोटं दीड कोस पाठीवर वाहून आणतो, त्याला खोटं पाडायला कुणीतरी इथे राहायला हवं."